झोप न मोडणारी चाल

भाईंदरजवळच्या राई गावाला, खाडीकडच्या आळीत सून होऊन आली तेव्हा सुगंधाला आळीतल्या बायकांनी एकेक करून नाव विचारलं, माहेर विचारलं आणि मग शिक्षण विचारलं. नाव आणि माहेर ती मान वर करून सांगायची. माहेर पेणकडचं. शिक्षणाचं निघालं की म्हणायची, "अकरावी," आणि काहीतरी काम आठवल्यासारखी उठायची. कारण पुढचा प्रश्न तिला ठाऊक होता. पास का नापास?

ती नापास होती. एकाच विषयात, तेही सहा मार्कांनी. सत्तर सालच्या मार्चमध्ये तिनं मॅट्रिकची, म्हणजे तेव्हाच्या अकरावीची, परीक्षा दिली. गणित, मराठी, इतिहास सगळ्यांत चांगले मार्क पडले आणि इंग्रजीनं दगा दिला. बाकीच्या विषयांत सूट मिळाली होती. राहिलं होतं ते एकटं इंग्रजी. मेमध्ये लग्न झालं, पुढच्या फेब्रुवारीत सुलू झाली, आणि ते राहिलेलं इंग्रजी माहेराहून आणलेल्या पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या खाली तसंच पडून राहिलं.

ते बाहेर काढलं गोपीनाथमामांनी. मामा म्हणजे सुगंधाच्या सासूचा, चंद्रावतीचा, धाकटा भाऊ. मुंबईच्या गोदीत तीस वर्षं मालाच्या पेट्या मोजून निवृत्त झालेला माणूस. एकाहत्तरच्या जूनमध्ये एकदा ओटीवर चहा पिता पिता ते म्हणाले, "अगं सूनबाई, भाईंदरच्या त्या नव्या शाळेच्या शांताबाई भेटल्या होत्या. शिशुवर्गाला एक बाई पाहिजे त्यांना, जानेवारीपासून. मॅट्रिक पास पाहिजे म्हणतात. जानेवारीपर्यंत जागा ठेवते म्हणाल्या, पुढे नाही ठेवणार."

सुगंधाच्या हातात सुलूचं दुपटं होतं. त्याची घडी तिनं चारदा घातली आणि चारदा मोडली.

"ऑक्टोबरला परीक्षा असते," ती म्हणाली.

"म्हणून तर सांगतोय."

नवरा महिपत गोरेगावच्या एका वर्कशॉपात कामाला होता. तो म्हणाला, "दे की. माझं काय जातंय? पण आईला विचार." मग सुगंधानं सासूपुढे विषय काढला. चंद्रावती मिठागरावर राबलेली बाई, अंगानं काटक, बोलायला तिखट. तिनं मासळी साफ करता करता ऐकलं आणि विचारलं, "विंग्रजीत मीठ पिकतं का गो?"

"नाही आई."

"मंग काय पिकतं?"

चंद्रावतीनं खवले झटकले. "बरं. दे परीक्सा. पन घरचा काम आवरून. समाजला?"

तेव्हापासून घरात एकच पालुपद घुमू लागलं. हात चालव. पहाटे विहिरीवर, हात चालव गो. भाकऱ्या थापताना, हात चालव. सुलूला न्हाऊ घालताना, भांडी घासताना, कालवण फोडणीला टाकताना, सासू कुठूनतरी उगवायची, एक काम स्वतः ओढून घ्यायची आणि बजावायची, "हात चालव, हात चालव." नऊच्या सुमाराला सगळं आवरलेलं असायचं. मग चंद्रावती सुलूला कडेवर घ्यायची आणि "मी जराशी जाऊन येतंय" म्हणून शेजारच्या शेवंतीच्या ओटीवर जाऊन बसायची ती तासाभरानं उगवायची. सुगंधाला वाटायचं, आता तिथं आपल्या नावाचा पाढा चालला असणार. इंग्रजी शिकणारी सून, कामाला हळू सून. मन खट्टू व्हायचं, पण घर रिकामं असायचं, म्हणून ती पेटी उघडून पुस्तक काढायची.

दुसरा वेळ दुपारचा. सुलूला तुळईला बांधलेल्या झोळीत घालायचं, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळायची आणि मांडीवर पुस्तक घ्यायचं. अंगठा आपोआप चालायचा. पण एक खोड होती. एखादा धडा सोपा गेला, वाचण्याला वेग आला की अंगठ्यालाही वेग यायचा, झोळी हिंदकळायची आणि सुलू जागी होऊन भोकाड पसरायची. आणि एखाद्या अवघड शब्दापाशी सुगंधा अडली की अंगठा थांबायचा, आणि झोळी थांबली तरी ही बया जागी. त्या पोरीला आईचं इंग्रजी कुठं अडलंय ते, रविवारी-गुरुवारी शिकवायला येणाऱ्या मामांच्या आधी कळायचं.

असाच एका दुपारी एक शब्द आडवा आला. धड्यात एक म्हातारा होता, सत्तर वर्षांचा, आणि तो काठी न घेता रोज बाजारात जायचा. कसा? तर ब्रिस्कली. सुगंधा थांबली. अंगठा थांबला. सुलू रडली.

रविवारी मामा आले तसं तिनं विचारलं, "मामा, क्विकली म्हणजे लवकर. फास्ट म्हणजे जोरात. मग ब्रिस्कली म्हणजे?"

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "ब्रिस्कली म्हणजे… आता बघ. गोदीत आमचा एक साहेब होता. जहाज लागलं की धक्क्यावर उभा राहून ओरडायचा, ब्रिस्कली, बॉइज, ब्रिस्कली! त्याबरोबर हमाल आणखी हळू चालायचे."

"म्हणजे भरभर?"

"भरभर, पण नुसतं भरभर नाही. त्यात हुरूप पाहिजे. हमालांना कसला आलाय हुरूप? म्हणून तर तो शब्द तिथं कधी लागू पडला नाही." मामा स्वतःवरच खूश होऊन हसले. "तू असं कर, दहा वाक्यं लिही. दहा वेळा वापरल्याशिवाय शब्द आपला होत नाही."

गुरुवारी मामांनी लाल पेन्सिल काढली आणि ओटीवर मांडी घालून वाचायला बसले. सुगंधा दाराच्या चौकटीला टेकून उभी.

"द हॉर्स रन्स ब्रिस्कली. हं. घोडा धावतोच आहे, त्याला आणखी कशाला टोचतेस? खोड. द रेन फेल ब्रिस्कली. नको. द बॉय फेल इन द वेल ब्रिस्कली." मामा थांबले. पुन्हा वाचलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. "अगं, विहिरीत पडणाऱ्याला कसला आलाय हुरूप?"

सुगंधालाही हसू फुटलं. तेवढ्यात चंद्रावती टोपली घेऊन अंगणात आली.

"काय रं गोप्या, सुनंला शिकवतंस का हसवतंस?"

"अक्का, तुझ्या सुनेनं एक पोरगा विहिरीत टाकला!"

"मंग काढा त्याला भायेर. न् हात चालव गो सुगंधे, भात उतू चाललाय."

सुगंधा आत धावली. भात खरंच उतू चालला होता. परत आली तेव्हा मामा शेवटच्या वाक्यापाशी पोचले होते. माय डॉटर ड्रिंक्स मिल्क ब्रिस्कली. त्यांनी पेन्सिल उचलली, झोळीकडे पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. "हे राहू दे. पुस्तक काय म्हणेल माहीत नाही, पण पोरगी पिते तशीच."

दहापैकी एक. तोही सुलूच्या वशिल्यानं. सुगंधाला बाकीचे शब्द येत गेले. पाठ केले, वाक्यांत बसवले, मामांनी खुणा केल्या. पण ब्रिस्कली काही हाताला लागेना. तो शब्द दिसला की तिला धक्क्यावरचा साहेब दिसायचा, आणि साहेबाचं तोंड हळूहळू सासूच्या तोंडासारखं व्हायला लागायचं. हात चालव, बॉइज, हात चालव. तिनं वहीच्या मागच्या पानावर तो शब्द लिहून त्याच्याभोवती चौकट काढून ठेवली, आणि पुढचा धडा घेतला.

परीक्षेचं वेळापत्रक आलं. ऑक्टोबरची पाच तारीख, मंगळवार, सकाळी अकरा वाजता, भाईंदरला स्टेशनाकडच्या शाळेत. सुगंधानं ते सासूला वाचून दाखवलं.

"तारीक न् वार मना नुको सांगू," चंद्रावती म्हणाली. "तिथी कंची?"

सुगंधानं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हंजे उधान." चंद्रावतीनं बोटांची पेरं मोजली. राईतल्या जुन्या बायकांचं घड्याळ ते, खाडीचं पाणी. पुनवेला आणि अवसेला बाराच्या सुमाराला पुरी भरती, मग रोज पाऊण तास पुढे. लहानपणापासून पेरांवर बसलेलं गणित. "पानी अर्धा चरला की निंगाचा. धर्माजीला सांगते, टांगा घेऊन येईल."

अर्धं पाणी म्हणजे पुऱ्या भरतीच्या तीनेक तास आधी, साडेनऊच्या सुमाराला. दीड तास हाताशी. टांग्यानं रस्त्यानं गेलं तर पाऊण तास पुष्कळ. सगळं नीट बसलं होतं.

मंगळवारी सुगंधा पहाटेच उठली. सुलूला पोटभर पाजलं, महिपतनं आदल्या रात्री काढून ठेवलेलं त्याचं मनगटी घड्याळ हातावर चढवलं, पेन दोनदा झटकून पाहिलं. सुलूला अंगावरचं दूध, म्हणून तिलाही न्यायचं ठरलं होतं. सासू बाहेर सांभाळणार. साडेनऊ वाजले. टांगा नाही. पावणेदहा झाले. चंद्रावती अंगणातून रस्त्यापर्यंत जाऊन आली. टांगा नाही.

"कोजागिरीचा दूध पिऊन झोपला का काय हा?" ती पुटपुटली, आणि एकाएकी जागच्या जागी उभी राहिली. हात कपाळावर गेला. "अगो बाय माझे. उघारी!"

"काय झालं आई?"

"उघारी बंद हाय."

मिठागराच्या बांधाला खाडीचं पाणी आत घ्यायला जे दार असतं, ती उघाडी. नवा हंगाम धरायच्या आधी बांधांची डागडुजी चालली होती, म्हणून काल संध्याकाळी उघाडीचं दार खाली पाडून बंद केलं होतं. आणि धर्माजी टांगेवाला राहायचा आतल्या अंगाला, त्या उघाडीतून येणाऱ्या पाण्याच्या पाटाकाठी. त्याला सांगितलं होतं, पाणी अर्धं चढलं की ये. तो बिचारा घोडा जुंपून पाटाकडे बघत बसला असणार. पाटाला पाणीच नव्हतं, ते चढणार कुठून?

"दार पारायला मी सोता हात लावला काल," चंद्रावती म्हणाली. तिचा आवाज सुगंधानं कधी इतका लहान झालेला ऐकला नव्हता. "मीच बंद केली न् मीच इसरले."

"आपण धर्माजीकाकांकडे जाऊ."

"त्याच्याकरं जाऊन, टांगा फिरवून, रस्त्यानं… न्हाय जमाचा. वाजलं किती?"

"दहाला दहा कमी."

अकराला फाटक बंद होतं हे वेळापत्रकाखाली लिहिलेलं होतं. सुगंधाच्या डोळ्यांपुढे ती ओळच उभी राहिली. जानेवारीपर्यंत जागा ठेवते, पुढे नाही. पेटी, साड्या, साड्यांखालचं पुस्तक. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

चंद्रावतीनं ते पाहिलं आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला. "डोल्यांत पानी नुको आनू, खारीला पुरेसा हाय. आन पोरीला इकरं. चपला हातात घे. बांधावरून जाव."

बांधावरची वाट म्हणजे अर्धं अंतर. एका अंगाला मिठागराची कोरडी खाचरं, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे हात-दीड हात रुंदीचा चिखलाचा बांध. एरवी त्यावरून बकऱ्यासुद्धा जात. पण उधाणाचं पाणी चढत होतं, आणि मधे एका ठिकाणी बांध सखल होता; परवाच ओली माती टाकून तो भरला होता. पाणी तिथवर यायच्या आत ती जागा ओलांडायला हवी होती.

चंद्रावतीनं सुलूला कडेवर घेतलं, पदरानं कमरेशी घट्ट बांधलं आणि चालायला लागली. सुगंधा मागे. पन्नास पावलं गेली नाहीत तोच तिच्यानं राहवेना. घड्याळ मनगटावर टिकटिकत होतं. ती धावली. सासूला ओलांडून पुढे जायला जागा नव्हती, म्हणून कडेकडेनं धावली, आणि दुसऱ्याच क्षणी तिचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला.

चंद्रावतीनं मागे वळूनही पाहिलं नाही. एक हात फक्त मागे केला. त्या हाताला धरून सुगंधा वर आली. साडीचा काठ काळा झाला होता.

"धावाचा न्हाय," सासू म्हणाली. "धावली की परशील. थांबाचा बी न्हाय. थांबली की रुतशील. माझ्या पावलाव पाऊल टाक."

मग सुगंधानं खाली पाहिलं. सासूच्या टाचांकडे. आयुष्यभर खाऱ्या पाण्यानं भेगाळलेल्या त्या दोन टाचा. उचलायच्या, टेकायच्या, उचलायच्या. पाऊल टेकायचं ते पक्कं, पण चिखलाला ओठ उघडायला सवड मिळायच्या आत उचललेलं असायचं. घाई कुठंच नव्हती. ढिलाईही नव्हती. सगळं अंग त्या चालीत सामील होतं, मोकळा हात मागंपुढं झुलत होता, पाठ सरळ. साठीची बाई, कडेवर आठ महिन्यांचं पोर, आणि वाट अशी मागं सरत होती की जणू तीच चालतेय.

सुगंधानं पाऊल मिळवलं. पहिली दहा-वीस पावलं मोजून, मग न मोजता. सखल जागा आली. पाणी बांधाच्या काठाशी येऊन डुचमळत होतं, ओल्या मातीवर एक पातळ लाट आली आणि गेली. "चल," एवढंच सासू म्हणाली, चाल तीच. माती पायाखाली दबली, पण रुतली नाही. चार पावलं, आणि पलीकडे.

तेव्हा सुगंधाची नजर वर गेली. सासूच्या खांद्यावर सुलूची मान पडली होती. तोंड अर्धवट उघडं, लाळेचा एक धागा पदरावर. पोरगी गाढ झोपली होती.

सुगंधा चालता चालता बघत राहिली. दुपारच्या त्या सगळ्या झोळ्या तिला आठवल्या. जरा वेग वाढला की रडणारी, जरा थांबलं की रडणारी ही पोर, खाडीच्या काठानं, उधाणाच्या पाण्याशी शर्यत लावलेल्या या चालीत झोपली होती. आणि वहीच्या मागच्या पानावर चौकटीत कोंडून ठेवलेला तो शब्द आपल्या पायांनी बाहेर आला. तिला कुणी अर्थ सांगितला नाही. तो तिच्या पुढे चालत होता, भेगाळलेल्या टाचांवर. धड्यातला म्हातारा असाच बाजारात जात असणार, ती मनाशी म्हणाली. कुणी हाकललं म्हणून नाही. जायचं होतं म्हणून.

शाळेच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा अकराला सहा मिनिटं होती. शिपायानं सुगंधाचा काळा पाय पाहिला आणि म्हणाला, "बाई, ये क्या, खेत से आये क्या?"

"खारीतून आलो," चंद्रावती म्हणाली. "पानी कुठं हाय तुमचा?"

तिनं झोपलेल्या पोरीसकट वाकून नळाखाली सुनेचा पाय धुतला. सुगंधा ओशाळून मागे सरायला लागली, "आई, राहू द्या, मी धुते, तुम्ही कशाला…"

"गप. तू हात कोरडा ठेव. हात कामाचा हाय तुझा." पदराच्या टोकानं पाय पुसला आणि पाठीवर एक थाप. "जा."

पेपर तीन तासांचा होता. मार्चच्या त्या पेपरात सुगंधा पहिला तास धावली होती, ते तिला आता कळलं. धावली, दमली, आणि शेवटचा निबंध अर्धा टाकून उठली. आज तिनं प्रश्न वाचला, लिहिलं, पुढचा वाचला, लिहिलं. येत नव्हतं तिथं थांबली नाही, येत होतं तिथं उधळली नाही.

बाराच्या सुमाराला बाहेरून रडणं ऐकू आलं. वर्गात चाळीस मुलं लिहीत होती, ते रडणं रस्त्यावरच्या कुणाच्याही पोराचं असू शकलं असतं, पण आईला आपल्या पोराचं रडणं ओळखायला बघावं लागत नाही. पान्ह्यानं तिचं पोलकं ओलं झालं. पेन हातात तसंच राहिलं. उठावं, नुसतं पाजून यावं, असं वाटलं. पण उठलं की संपलं. रडणं आणखी वाढलं, मग जरा कमी झालं. मग दुरून, भिंतीच्या कडेनं, येत जात राहिलं, आणि थांबलं. सुगंधानं पदर नीट ओढून घेतला आणि पुढची ओळ लिहिली.

दोन वाजता ती बाहेर आली. फाटकापाशी रानभेंडीच्या मोठ्या झाडाखाली चंद्रावती उभी होती आणि शेजारी धर्माजी टांगेवाला हात हलवून हलवून बोलत होता.

"काकी, मी आठपासून घोरा जुपून बसलू! पानीच येत न्हाय! म्हटला, आज उधानाला झाला तरी काय? शेवटी शेवंतीनं सांगलान, अरे शान्या, उघारी बंद हाय."

"माझाच चुकला धर्मा. आता पुरे कर, घोरा पन हसंल."

सुगंधानं सुलूला ओढून घेतलं, झाडाआड बसून पदराखाली धरलं. पोरगी वचावचा प्यायला लागली.

"फार रडली का हो आई?"

"रडली. बसला की रडं, उभा ऱ्हायला की रडं. मंग काय, फिरले भिंतीकरनं."

"इतका वेळ?"

"तुझा पेपर होता तितका." चंद्रावती आता कुठं झाडाच्या बुंध्याशी टेकली, पाय लांब केले. भिंतीच्या कडेला, धुळीत, फाटकापासून कोपऱ्यापर्यंत आणि परत, पावलांची एक वाट पडलेली सुगंधाला दिसली.

निकाल लागला डिसेंबरच्या शेवटी. गोपीनाथमामा भाईंदरहून नंबर पाहून आले ते ओटीवर न चढताच ओरडले, "सूनबाई, पास! एक्केचाळीस मार्क!" महिपत रात्रपाळी करून झोपला होता तो उठून बसला, आणि डोळे चोळत म्हणाला, "पेढे कोण आणणार, मीच ना?" मामा तिथूनच शांताबाईंकडे निरोप द्यायला परत गेले. सगळं पाच मिनिटांत झालं, आणि ज्या एका माणसाला सांगायचं होतं ते घरात नव्हतं. सुगंधानं सुलूला महिपतच्या मांडीवर दिलं आणि ती मिठागराकडे निघाली.

तिथं खाचरांचा तळ तुडवणं चाललं होतं. मीठ धरायच्या आधी ओल्या चिखलाचा तळ पायांनी तुडवून तुडवून गुळगुळीत, पाटासारखा टणक करायचा. बायका एका रांगेत, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून, एका ठेक्यात पाय टाकत होत्या. रांगेच्या टोकाला चंद्रावती.

"आई, पास झाले."

रांगेतल्या बायका एकदम कलकलल्या. चंद्रावतीचे पाय थांबले नाहीत. फक्त चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि तिनं ते लपवायला खाली चिखलाकडे पाहिलं.

शेवंती मात्र गप्प बसणारी नव्हती. "झाली एकदाची! तुझ्या सासूनं माझी ओटी झिजवली ती कामाला आली गो बाय. चार महिने रोज नवाला पोरीला घेऊन हजर. मी म्हनायची, काकी, घरी बसा ना वाईच, दमलाव. तर म्हनायची, न्हाय गो. मी घरी असली की ती मना बघून कायतरी काम काढंल. अभ्यास ऱ्हाईल तिचा. सकालपासून तिच्या मागं लागून काम आवरून घेतंय ता काय उगाच?"

"तोंड चालव तू, पाय नुको चालवूस," चंद्रावती तिच्यावर खेकसली.

सुगंधा बांधावर उभी होती. हात चालव, हात चालव. विहिरीवर, चुलीपुढं, भांड्यांपाशी. चार महिने त्या दोन शब्दांचा तिनं राग केला होता, आणि चार महिने त्याच दोन शब्दांनी रोज सकाळी तिच्यासाठी एक तास कोरून काढला होता. नऊ ते दहा. रिकामं घर. तिला वाटलं होतं, तो तास आपण चोरलाय.

तिनं साडी गुडघ्यापर्यंत खोचली, चपला बांधावर ठेवल्या आणि खाचरात उतरली. रांगेच्या टोकाला जाऊन सासूच्या खांद्यावर हात टाकला.

"तू कशाला उतरलीस? मास्तरीन झालीस ना?"

"जानेवारीला अजून आठ दिवस आहेत."

"मंग पाय चालव."

चिखल थंड होता. पहिल्यांदा तिचा ठेका चुकला, पाय एकदा जोरात पडला, एकदा उशिरा. मग तिनं डोळे मिटले, सासूच्या खांद्याची हालचाल हाताला कळू दिली, आणि पाय मिळाले. पायांखालचा तळ हळूहळू घट्ट होत होता.

"गो," चंद्रावती समोर बघतच म्हणाली, "तो तुझा शब्द. गोप्या ज्याच्यावरून हसला. तो आला का परीक्सेत?"

सुगंधाला वाटलं नव्हतं की सासूला तो शब्द आठवत असेल.

"नाही आई. नाही आला."

"म्हंजे फुकट गेला."

"नाही," सुगंधा म्हणाली. तिनं सासूच्या खांद्यावरचा हात जरा घट्ट केला आणि पाऊल उचललं. सासूच्या पावलाबरोबर टेकलं, सासूच्या पावलाबरोबर उचललं.